नोकरी गेली आहे. हातात ४५ हजाराची ऑफर आहे. घ्यावी की थांबावं, आणि थांबायचं तर कुणाच्या जिवावर?

मोशीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. वय ४१, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो, ९ वर्षं. दिवाळीनंतर आमची लाईन बंद केली आणि आमच्या खात्यातल्या सगळ्यांना दोन महिन्यांचा पगार हातात देऊन मोकळं केलं. भांडण वगैरे काही झालं नाही, एचआरवाल्या बाई बोलता बोलता स्वतःच रडल्या.

आकडे सगळे सांगतो, नाहीतर सल्ला देणार कसा. हातात पगार ६८ हजार होता. महिन्याचा खर्च साधारण ५७ हजार: फ्लॅटचा हप्ता २३,५००, पोरांची शाळा आणि व्हॅन ९, किराणा लाईट गॅस पेट्रोल १६, गावी आईच्या औषधाला ५, विम्याचे साडेतीन. बायको सकाळचे डबे करते, तिचे खर्च जाऊन ११ हजार उरतात. मिळालेले दोन पगार १ लाख ३६ हजार आणि एफडी २ लाख १०. ग्रॅच्युइटी यायची आहे. पीएफमध्ये सहाएक लाख असतील. कराडकडे वडलांची दोन एकर आहे, भावाबरोबर सामाईक. आणि बायकोचं सोनं.

रांजणगावला एका सप्लायरकडे ४५ हजारावर बोलावलंय, आठवड्यात कळवा म्हणाले. सासरे म्हणतात घे, रिकामा बसू नकोस, लोक विचारतात. मित्र म्हणतो एकदा ४५ ची स्लिप हातात आली की पुढचा माणूस तिथूनच मोजायला सुरुवात करतो, थांब. रात्री झोप लागत नाही. तुम्ही काय केलं असतं?

लालपरी
सासऱ्यांना सांगा घरून काम चालू आहे. आमच्या सोसायटीत निम्मे लोक घरीच असतात, कोण नोकरीवर आणि कोण नाही हे वॉचमनलासुद्धा कळत नाही. :) धीर धरा हो, काळजी वाटली म्हणून थट्टा केली.

जमाखर्च
मोशीकर, आकडे दिलेत ते फार बरं केलंत. खर्च ५७, डब्यांचे ११, म्हणजे दर महिन्याला ४६ हजाराचं भोक. हातात ३ लाख ४६ हजार. म्हणजे साडेसात महिने. ग्रॅच्युइटीचा हिशोब सरळ आहे, शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. तुमचा बेसिक ३८ च्या आसपास असेल तर १ लाख ९७ हजार होतात. ते आले की जवळजवळ बारा महिने.

पण ही बारा महिन्यांची गोष्ट घरात मोठ्यानं बोलू नका. शेवटचे तीन महिने हिशोबातून काढूनच टाका, कारण खिशात तीन महिने उरले की माणूस मुलाखतीत घाबरतो आणि समोरच्याला ते दिसतं. आज कंपनीचा मेडिक्लेम बंद झालाय का ते आधी बघा. त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावाच्या पॉलिसीत बदलून मागता येतं, जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. घरात आजारपण निघालं तर वरचं सगळं गणित एका आठवड्यात संपतं.

पीएफला सध्या हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळानं ठरवलंय की नोकरी गेली तर ७५ टक्के लगेच काढता येतील, उरलेले २५ बारा महिने बेरोजगार राहिल्यावर. आधी पूर्ण रक्कम दोन महिन्यांनी मिळायची. तरी तो पैसा म्हातारपणाचा आहे, शेवटची पायरी समजा.

कडीपत्ता
जमाखर्चदादांचं गणित पटलं. पण मोशीकर, तुम्ही यादीत 'बायकोचं सोनं' लिहिलंय. तिला विचारलंत का? आमच्या घरी २०२० मध्ये मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा माझ्या पाटल्या तारण ठेवायचं नणदेनं आणि सासूबाईंनी परस्पर ठरवलं, मला फक्त कपाटाची किल्ली मागितली. मी दिली, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, पण ते विचारणं राहिलं ते राहिलंच. पाटल्या सोडवून आणल्या तरी ते अजून सलतं. आणि तिच्या डब्यांचे ११ हजार हेच या घडीला घरातलं एकमेव चालू उत्पन्न आहे. तुम्ही घरी आहात तर सकाळी पाचला उठून कणीक मळा, चार डबे वाढले तर ४६ चं भोक ४० वर येईल.

ठणठणीत
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. घ्या ४५ हजार आणि कामाला लागा. घरी बसलेल्या माणसाला गंज चढतो. हल्ली जो तो म्हणतो परदेशासारखा बेकारभत्ता द्या. भत्ता दिला की लोक आळशी होतात, कामच शोधत नाहीत. माझ्या वडलांनी हमाली करून आम्हाला वाढवलं.

श्टुटगार्टहून
ठणठणीत, तुमच्या वडलांबद्दल आदर आहे, पण इथे जर्मनीत भत्ता कसा चालतो ते सांगू द्या, मी स्वतः त्यातून गेलोय. गाड्यांचंच क्षेत्र, मोशीकरांसारखंच. तो भत्ता फुकट नसतो. दर महिन्याला पगाराच्या २.६ टक्के बेकारी विम्यात जातात, निम्मे मालकाचे निम्मे माझे. एक वर्ष भरलं असेल तर सहा महिने मिळतं, दोन वर्षं भरलं असेल तर बारा महिने, पन्नाशीच्या पुढे आणखी जास्त. कर वगैरे जाऊन उरणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. आणि शिस्त कडक आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर तीन महिने आधी, किंवा उशिरा कळलं तर तीन दिवसांत नाव नोंदवायचं. स्वतः राजीनामा दिला तर साधारण बारा आठवडे काहीच नाही.

मोशीकरांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की या पहिल्या वर्षात बँकेत किती शिल्लक आहे हे कुणी विचारत नाही, विमाच आहे तो. वर्ष संपलं की दुसरी मदत सुरू होते, तिथे मात्र घरातली सगळी शिल्लक बघतात. २०२३ ला जे ब्युर्गरगेल्ड आलं त्यात पहिल्या वर्षापुरती घरातल्या पहिल्या माणसाला ४० हजार युरोपर्यंत सूट ठेवली होती, त्याच्यावर असेल तर आधी तुमचे खा म्हणायचे. माझे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी दोन ऑफर नाकारल्या आणि तिसरी घेतली, ती आजपर्यंत चालू आहे. पुण्यात असतो तर पहिलीच घेतली असती, घरी आईवडील आणि कर्ज दोन्ही होतं.

हडसनकाठ
आमच्याकडे अमेरिकेत उलटी तऱ्हा. एच वन बी व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवस, त्यात दुसरा मालक मिळाला नाही तर व्हिसा बदला नाहीतर सामान बांधा. भत्ता राज्याराज्याचा वेगळा असतो पण त्याला 'कामाला उपलब्ध' असावं लागतं, आणि आमचा व्हिसा एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे तो बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. माझ्याकडे तेव्हा दीड वर्ष बसून खाता येईल इतकी शिल्लक होती. काही उपयोग झाला नाही. ५२ व्या दिवशी मिळाली ती नोकरी घेतली, पगार आधीच्या तीन चतुर्थांश. पैसा होता पण वेळ विकत मिळत नव्हता. मोशीकर, तुम्हाला निदान वेळ आहे.

अभ्यासू_कावळा
कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो म्हणून मध्ये तोंड घालतो. ठणठणीत म्हणतात तो प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी फार बारकाईनं तपासलाय. भत्ता वाढला की लोक जास्त दिवस बेकार राहतात हे खरं आहे. पण का? २००८ मध्ये राज चेट्टी यांनी अमेरिकेतल्या माहितीवर दाखवलं की ज्या घरात शिल्लक नाही त्यांचे दिवस भत्त्यानं वाढतात, ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. आळसच असता तर दोघांतही दिसायला हवा होता. त्यांच्या हिशोबानं या वाढलेल्या दिवसांतला साधारण ६० टक्के भाग हा हातात रोकड आल्यामुळे मिळालेली उसंत आहे. म्हणजे शिल्लकवाला आधीपासून जे करू शकत होता तेच भत्ता मिळाल्यावर बिनशिल्लकवाला करायला लागला.

पण मोशीकरांना खोटी आशाही नको. ऑस्ट्रियात तीन वर्षं नोकरी झालेल्याला काढताना दोन पगार एकरकमी मिळायचे, तीन वर्षांना थोडं कमी पडलं तर काही नाही. चेट्टी, कार्ड आणि वेबर यांनी या दोन गटांची तुलना केली. पैसे मिळालेले लोक नोकरी शोधायला जास्त वेळ घेत होते, पण नंतर मिळालेली नोकरी पगारानं किंवा टिकण्यानं काही खास चांगली निघाली नाही. थांबल्यानं दडपण कमी होतं हे नक्की, पगार वाढतोच असं नाही.

ठणठणीत
म्हणजे शेवटी माझंच खरं ना, थांबून फायदा नाही.

अभ्यासू_कावळा
अर्धं तुमचं. पगारात फायदा दिसला नाही म्हणून त्या दोन महिन्यांत घरात चूल पेटली, पोरगं शाळेत गेलं, याला किंमत नाही असं होत नाही. भत्त्याचं मुख्य काम तेच आहे.

गिरणगाव_७९
हे वाचून मला राहवत नाही. माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. मी तीन वर्षांची, मला आठवतं ते आईकडून ऐकलेलं जास्त. तेव्हा कुठला भत्ता. ज्याची गावी जमीन होती तो गावी गेला, भात लावलं, चार महिने निघाले. आमच्या गाववाल्यांच्या गाळ्यात वीस जण राहायचे, त्यातले बारा पहिल्या पावसाच्या आत कोकणात गेले. आमची जमीन काकांनी आधीच वाटून घेतली होती, कागदावर वडलांचं नाव आणि हातात काही नाही. आई आधीपासून सात आठ जणांची खानावळ चालवायची. संपात तेच जेवणारे उधारीवर जेवायला लागले आणि तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. तिची बोरमाळ गेली, पितळेची भांडी गेली, मग वडलांनी वर्षाच्या आतच एका कारखान्यात निम्म्या पगारावर वॉचमनचं काम धरलं. चांगले विणकर होते ते. त्यांच्या बरोबरचा एक जण, घाटावरचा, पाच एकर बागायत असलेला, तो दोन वर्षं थांबला आणि मग सुरतेला बरी नोकरी पकडली. दोघांचं कौशल्य सारखंच होतं.

म्हणून मोशीकर, तुमची दोन एकर सामाईक आहे ना, तिच्या भरवशावर काही ठरवू नका. अडचणीच्या वेळी सामाईक जमीन भावाची असते.

माणदेश
गिरणगावताई, अंगावर काटा आला.

थोडं विषयांतर करतो. मोशीकरांच्या जुन्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, वर्षाचे २५००. हा कर महाराष्ट्रानं १९७५ ला आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी आमच्या सांगली जिल्ह्यात विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात ती कामं गावोगाव पोचली आणि १९७७ ला कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. माझी आजी ७२ ला पाझर तलावावर खडी फोडत होती, ती म्हणायची की सरकारचं काम होतं म्हणून गाय विकली नाही. म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या बेकाराला पन्नास वर्षं हात दिला. आता पगारदारच बेकार झाला तर त्याला कोण, असा प्रश्न पडतो.

लालपरी
राज्य सरकारची ती दरमहा पैसे देणारी योजना आहे ना, युवा प्रशिक्षणाची? ती चालेल का यांना?

जमाखर्च
ती २०२४ ची, १८ ते ३५ वयाच्या शिकाऊ मुलांसाठी. सहा ते दहा हजार विद्यावेतन आहे. मोशीकर ४१ चे, नाही बसत.

रात्रपाळी
मी पण चाकणलाच होतो. ठेकेदाराकडून, १७ हजार हातात. आमची लाईन बंद झाली तेव्हा परमनंट लोकांना दोन पगार मिळाले, आम्हाला शनिवारी सांगितलं सोमवारी येऊ नका. मोशीकर साहेब ४५ घ्यावे की थांबावं विचारतात, वाचून वाईट वाटलं नाही, बरं वाटलं, कारण कुणीतरी निदान विचार करू शकतंय. मला नऊ दिवस मिळाले. खोलीभाडं ५ हजार, गावी ४ हजार पाठवायचे, खात्यात ६ हजार होते. दहाव्या दिवशी एका मॉलला सिक्युरिटीला उभा राहिलो, बारा तास, १४ हजार. आयटीआय फिटर आहे मी. आता बारा तासांच्या ड्युटीनंतर मुलाखतीला जायचं कधी? थांबता आलं नाही म्हणून मिळालं ते काम धरलं, आणि हे काम धरलंय म्हणून चांगलं शोधता येत नाही. सहा महिने झाले.

कडीपत्ता
रात्रपाळी, दादा, पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापायचे का?

रात्रपाळी
हो ताई, सव्वाशे दीडशे कापायचे. दवाखान्याचं कार्ड आहे.

जमाखर्च
थांबा, हे महत्त्वाचं आहे. ईएसआयसीत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, १ जुलै २०१८ पासून. २१ हजारापर्यंत पगार असलेल्या विमाधारकाची नोकरी गेली तर सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. आधी २५ टक्के होतं, २०२० मध्ये वाढवलं. १७ हजारावर धरा तर तीन महिन्यांचे मिळून २५ हजाराच्या आसपास. नोकरी सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो आणि कामगार स्वतः करू शकतो, मालकाच्या पाया पडावं लागत नाही. अट अशी की किमान दोन वर्षं विम्यात हवं, नोकरी जायच्या आधीच्या वर्गणी काळात (एक काळ सहा महिन्यांचा) ७८ दिवस भरलेले हवेत, आणि दोन वर्षांतल्या बाकीच्या तीन काळांपैकी एकात ७८. गैरवर्तनावरून काढलेलं नको. योजनेची मुदत थोडी थोडी करून वाढवत आलेत, म्हणून शाखेत जाऊन आज चालू आहे का हे आधी विचारा.

रात्रपाळी, तुम्ही मधल्या काळात दुसरं काम धरलंत त्यामुळे तुमच्या केसमध्ये फक्त रिकामे गेलेले दिवस धरतील. पण बरोबरची जी मुलं अजून घरी असतील त्यांना सांगा.

रात्रपाळी
आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ठेकेदार बदलला की दर वेळी नवीन नंबर काढायचे, माझ्याकडे दोन कार्डं आहेत. दोन वर्षं कशी दाखवू?

जमाखर्च
दोन्ही नंबर घेऊन शाखेत जा आणि एकत्र करून मागा. ही तक्रार त्यांना रोजची आहे. नवीन ठिकाणी रुजू होताना जुनाच नंबर लिहून द्या, काही झालं तरी.

ठणठणीत
रात्रपाळीचं वाचलं. मी वर जे आळशी वगैरे लिहिलं ते या माणसाला लागू होत नाही, मागे घेतो. माझ्या वडलांनाही कुणी तीन महिने दिले असते तर त्यांची पाठ चाळिशीत गेली नसती. तरी मोशीकरांनी ४५ घ्यावी हे माझं मत कायम.

मोशीकर
तीन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. सगळं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचायला दिलं. सोन्याचं तिनं वाचलं आणि म्हणाली, विचारलंस तर देईन, पण आधी बुलेट वीक. :) बुलेट ओएलएक्सवर टाकली आहे.

रात्रपाळी, तुमचं वाचून मला लाज वाटली. आमच्या लाईनवर ठेकेदाराची १४ पोरं होती. मला दोन पगार मिळाले तेव्हा त्यांना काय मिळालं हा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही, मी माझ्या ४५ चीच गणितं करत होतो. काल त्यातल्या सहा जणांना फोन लावले. तिघं गावी गेलेत, तिघं इथेच आहेत, रिकामे.

जमाखर्च
आणि रांजणगाव? आठवडा संपत आला.

मोशीकर
४५ अधिक ११ म्हणजे ५६, खर्च ५७. म्हणजे ती नोकरी घेतली तर भोक जवळजवळ बुजतं, पण रोजचा प्रवास तीन तासांवर आणि शोधायला वेळ उरत नाही, रात्रपाळी म्हणाले तसंच. म्हणून काल त्यांना फोन करून सांगितलं की ५२ आणि बस असेल तर सोमवारी येतो. नाही म्हणाले तर एप्रिलअखेर थांबायचं, तेव्हा हातात तीन महिन्यांचे उरलेले असतील, त्या दिवशी जी असेल ती घ्यायची. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर बायकोच्या अक्षरात लिहिली आहे. ते म्हणाले साहेबांना विचारून सांगतो.

हडसनकाठ
तारीख लिहिलीत हे उत्तम. माझी मला सरकारनं लिहून दिली होती.

गिरणगाव_७९
आई शेजारी बसून ऐकतेय, ती म्हणते सुनबाईला सांग डब्याचे पैसे आगाऊ घे, उधारी नको.

मोशीकर
आजींना नमस्कार सांगा, आजपासून आगाऊच. आणि एक अपडेट. आज सकाळी त्या तिघांना घेऊन ईएसआयसीच्या शाखेत गेलो होतो. योजना चालू आहे. एकाचे ७८ दिवस कमी भरले, त्याचं होणार नाही, तो काही बोलला नाही, बाहेर येऊन पाणी प्यायला. दुसऱ्याचा अर्ज भरला गेला. तिसऱ्याच्या आधारवर दत्तात्रय आहे आणि विमा कार्डावर दत्ता, ते जुळवून आणा म्हणाले. सोमवारी त्याला घेऊन परत जातोय. रात्रपाळी, तुमची सुट्टी कधी असते? दोन्ही कार्डं घेऊन या, तुमच्या नंबरांचंही त्याच खिडकीवर विचारून घेऊ.

रात्रपाळी
मंगळवारी असते साहेब. सोमवारी बदली मिळते का बघतो.